गुवाहाटीचा सामना कोलकात्याला

23 ऑक्टोबर 2017, सोमवार. भारतात चाललेल्या सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात शेवटचे चार संघ उरले होते. ब्राझील आणि इंग्लंड बुधवारी गुवाहाटीत उपांत्य सामना खेळणार होते. त्या सोमवारी फिफाने जाहीर केले, की हा सामना गुवाहाटीत होणार नाही, कोलकात्याला होईल. शनिवारी इंदिरा गांधी ॲथलेटिक स्टेडियमवर माली आणि घाना यांची उपांत्यपूर्व लढत भर पावसात झाली होती. त्या नव्वद मिनिटांत गवताची जी दशा झाली, ती चार दिवसांत सुधारण्यासारखी नव्हती.

हातात दोन दिवस. तेवढ्यात दोन देशांचे संघ, पंच, टीव्हीवाल्यांचा लवाजमा, हॉटेलच्या खोल्या, सरावाची मैदाने आणि पोलीस बंदोबस्त हे सगळे दुसऱ्या राज्यात उभे करायचे. गुवाहाटीच्या तिकिटांचे पैसे परत करायचे आणि कोलकात्याची तिकिटे नव्याने विकायची. बुधवारी संध्याकाळी सॉल्ट लेक स्टेडियमवर साठ हजारांहून जास्त लोक बसले होते. इंग्लंडच्या रिअन ब्रूस्टरने तीन गोल केले आणि इंग्लंड 3-1 ने जिंकले. घरी टीव्हीवर सामना पाहणाऱ्याला मधल्या धावपळीचा मागमूसही लागला नसेल.

त्या स्पर्धेतले सर्वांत शिकण्यासारखे प्रकरण मला हेच वाटते. आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवणे म्हणजे बरेचसे ‘समजा असे झाले तर?’ या प्रश्नाची उत्तरे आधी लिहून ठेवणे. मोठ्यांच्या विश्वचषकात संघ जास्त आणि पैसा अफाट असतो, पण घडण हीच असते. आपल्या अंगणात झालेली स्पर्धा उदाहरणाला घेतली, की ही घडण जवळून दिसते.

मालक कोण, यजमान कोण

फुटबॉलच्या कारभाराची उतरंड सोपी आहे. सर्वांत वर फिफा: 1904 साली पॅरिसमध्ये स्थापन झालेली, झुरिकमधून चालणारी, 211 सदस्य संघटनांची संस्था. तिच्या खाली सहा खंडीय महासंघ. आपला आशियाई महासंघ, म्हणजे एएफसी, क्वालालंपूरमध्ये आहे. त्याखाली देशोदेशीच्या राष्ट्रीय संघटना. आपली अखिल भारतीय फुटबॉल महासंघ ही संस्था 1937 ची. राष्ट्रीय संघटनेच्या खाली राज्य संघटना येतात. महाराष्ट्रासाठी ‘विफा’ (वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन) आणि गोव्यासाठी गोवा फुटबॉल असोसिएशन आहे.

विश्वचषक कोणत्याही वयोगटाचा असो, तो फिफाच्या मालकीचा असतो. नाव, चषक, बोधचिन्ह, टीव्हीचे हक्क, मैदानाकाठच्या जाहिरातफलकांवरची इंच न् इंच जागा, सगळे फिफाचे. यजमान देशाची संघटना एक स्थानिक संयोजन समिती नेमते आणि फिफाशी केलेल्या करारानुसार ही समिती स्पर्धा पार पाडते. समितीला मैदान सजवता येते, पण कोणत्या कंपनीच्या पाण्याच्या बाटल्या तिथे दिसतील हे तिच्या हातात नसते. यजमानपद मिळाले की आपल्याकडे देशाच्या सन्मानाची भाषा सुरू होते. ती खोटी नाही. पण करार वाचणाऱ्याला लगेच कळते, की यजमानाच्या वाट्याला हक्कांपेक्षा जबाबदाऱ्या कितीतरी जास्त येतात.

म्हणूनच फिफाच्या स्पर्धेत प्रायोजकाचे नाव लावलेले स्टेडियम ते नाव काही दिवस गमावते. 2006 च्या विश्वचषकात म्युनिकचे आलियान्झ अरिना अधिकृत कागदांवर नुसते ‘म्युनिकचे विश्वचषक स्टेडियम’ झाले होते. मैदानाच्या परिसरातल्या बाकीच्या जाहिराती काढतात, नाही तर झाकतात. स्पर्धेच्या आठवडाभर आधी शिडी आणि चिकटपट्टी घेऊन हिंडणारी माणसे दिसली, तर ती हेच काम करत असतात.

हमीपत्रे

भारताला ही स्पर्धा डिसेंबर 2013 मध्ये मिळाली. खेळ ऑक्टोबर 2017 मध्ये झाला. मधली जवळपास चार वर्षे नुसती बांधकामात गेली नाहीत. कोणत्याही देशाच्या दाव्याबरोबर सरकारच्या हमीपत्रांचा गठ्ठा जोडावा लागतो. येणाऱ्या संघांना व्हिसा वेळेवर मिळेल, त्यांचे सामान सीमाशुल्कात अडकणार नाही, सुरक्षा सरकार देईल, कराचे नियम असे असतील, परकीय चलन नेता-आणता येईल, अशी ती हमीपत्रे. सतरा वर्षांखालच्या त्या स्पर्धेत इराण, इराक, उत्तर कोरिया आणि अमेरिका असे चारही देश होते. ते एकाच वेळी एका देशात आणायचे, तर परराष्ट्र आणि गृह खात्यांशिवाय पान हलत नाही.

सरकारची मदत हवी, पण सरकारची लुडबूड नको, ही फिफाची जुनी अट आहे. तिचा चटका आपल्याला 2022 मध्ये बसला. मुलींचा सतरा वर्षांखालील विश्वचषक 11 ऑक्टोबरपासून भारतात व्हायचा होता. फुटबॉल महासंघाच्या निवडणुका रखडल्या होत्या आणि सर्वोच्च न्यायालयाने कारभार प्रशासक समितीकडे दिला होता. फिफाने याला ‘त्रयस्थांचा हस्तक्षेप’ म्हटले आणि ऑगस्टच्या मध्यावर महासंघाला निलंबित केले. स्पर्धेला दोन महिनेही उरले नव्हते आणि यजमानाचे यजमानपद टांगणीला लागले. आशियाई क्लब स्पर्धेसाठी उझबेकिस्तानात पोहोचलेल्या गोकुलम केरळच्या महिला संघाला तर न खेळताच परतावे लागले. पुढे न्यायालयाने समिती बरखास्त केली, 26 ऑगस्टला निलंबन उठले आणि 2 सप्टेंबरला निवडणूक झाली. स्पर्धा ठरल्या दिवशी सुरू झाली. त्या पंधरवड्यात मैदानावरचे गवत मुकाट्याने वाढत होते. अडले होते ते सगळे कागदावर.

गवत, खुर्च्या आणि दारे

2017 साठी सहा शहरे निवडली गेली: दिल्ली, नवी मुंबई, मडगाव, कोची, गुवाहाटी आणि कोलकाता. प्रत्येकाचे दुखणे वेगळे होते.

कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर कृत्रिम हिरवळ होती. ती उखडून नैसर्गिक गवत लावावे लागले. एकेकाळी लाखाहून जास्त लोक मावत असलेल्या या मैदानात बसायला सिमेंटच्या पायऱ्या होत्या. तिथे प्रत्येकाला स्वतंत्र, क्रमांक घातलेली खुर्ची बसवली आणि क्षमता निम्म्याच्या आसपास आली. अंतिम सामन्याला 66 हजारांवर प्रेक्षक होते आणि स्टेडियम भरले होते. जुन्या कोलकातेकराला हा आकडा थोडका वाटेल, पण क्रमांकाच्या खुर्चीवर बसलेला माणूस मोजता येतो, आणि मोजता आलेला माणूस आग लागली तर बाहेर काढता येतो. स्टेडियमची क्षमता किती लोक आत मावतील यावर ठरत नाही. ठरलेल्या मिनिटांत किती जण बाहेर पडू शकतील, यावर ठरते. कोचीला याच कारणाने बऱ्याच खुर्च्यांची तिकिटे विकलीच गेली नाहीत. तिथल्या स्टेडियमच्या इमारतीत दुकाने आहेत. स्पर्धेपुरती ती बंद ठेवायची म्हटल्यावर दुकानदारांच्या नुकसानीचा प्रश्न केरळ उच्च न्यायालयापर्यंत गेला.

नवी मुंबईतले, नेरुळचे डी. वाय. पाटील स्टेडियम मुख्यतः क्रिकेटसाठी ओळखले जाते. 2008 च्या पहिल्या आयपीएलचा अंतिम सामना तिथलाच. क्रिकेटच्या मैदानात मधोमध मातीची कडक खेळपट्टी असते. फुटबॉलसाठी 105 मीटर लांब आणि 68 मीटर रुंद अशी सलग, सारख्या उंचीची हिरवळ लागते. मधल्या पट्ट्यावर गवत रुजवायचे, आणि ते इतर गवताइतकेच घट्ट आणि लवचीक हवे, नाही तर चेंडूची उसळी मधोमध बदलते. भर म्हणून कोकणातला पाऊस. नवी मुंबई आणि मडगावला सप्टेंबर संपेपर्यंत धो धो पाऊस आणि 6 ऑक्टोबरला स्पर्धेचा पहिला दिवस. इथे माळ्यापेक्षा निचऱ्याचे काम करणारा महत्त्वाचा. हिरवळीखाली वाळू आणि खडीचे थर आणि सच्छिद्र नळ्या नीट असतील, तरच मोठ्या सरीनंतर मैदान लवकर खेळण्याजोगे होते. प्रेक्षकाला दिसते ते गवत. खरा खर्च त्याच्या खाली असतो.

एकाच दिवशी एका मैदानात दोन सामने असत, म्हणून चार संघांसाठी चार ड्रेसिंग रूम लागत. पंचांची खोली वेगळी, उत्तेजक चाचणीची खोली वेगळी, पत्रकारांची दालने वेगळी. शिवाय प्रत्येक शहरात सरावाची मैदाने हवीत, आणि तीही मुख्य मैदानाच्या तोडीची. संघ सामना एकदा खेळतो, सराव रोज करतो. नेरुळचे महापालिकेचे यशवंतराव चव्हाण मैदान या निमित्ताने सुधारले गेले. स्पर्धेतून स्थानिक मुलांच्या पदरात खरोखर काही पडत असेल, तर ते अशी सरावाची मैदाने. मोठ्या स्टेडियमला कुलूप असते.

तयारी जोखण्यासाठी आधी एखादी लहान स्पर्धा घेऊन पाहण्याची पद्धत आहे. 2016 च्या सप्टेंबरात आशियाची सोळा वर्षांखालील स्पर्धा गोव्यात, फातोर्डा आणि बांबोळीला झाली. ती आशियातून विश्वचषकाला कोण जाणार हे ठरवणारी पात्रता स्पर्धा होती, आणि संयोजकांसाठी रंगीत तालीमही. इराक ती स्पर्धा जिंकला.

सोडत आणि मागचे गणित

7 जुलै 2017 रोजी मुंबईत सोडत निघाली. सुनील छेत्री आणि पी. व्ही. सिंधू मंचावर होते. काचेच्या भांड्यांतून चेंडू निघत होते आणि चिठ्ठ्या उलगडत होत्या. दिसायला सगळा नशिबाचा खेळ, पण नशिबाला इथे फार मोकळीक नसते.

24 संघ मागच्या स्पर्धांतल्या कामगिरीनुसार चार ‘पॉट’मध्ये विभागले होते. प्रत्येक गटात प्रत्येक पॉटमधला एक संघ. यजमान आधीच ‘अ’ गटात पहिल्या क्रमांकावर बसवलेला असतो, कारण त्याचे सामने कुठे आणि कधी होणार हे ठरल्याशिवाय तिकिटांची विक्रीच लावता येत नाही. एकाच खंडाचे दोन संघ एका गटात येता कामा नयेत. चेंडू उचलला आणि असा संघ निघाला, तर तो पुढच्या गटात सरकतो. भारताच्या वाट्याला अमेरिका, कोलंबिया आणि घाना आले. तिन्ही सामने आपण हरलो, पण कोलंबियाविरुद्ध जिक्सन सिंगने हेडरने केलेला गोल फिफाच्या स्पर्धेतला भारताचा पहिला गोल ठरला. त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. पेठांच्या तालमींचे संघ जिथे फुटबॉल खेळतात आणि शाहू स्टेडियमवर त्यांच्या सामन्यांना तोबा गर्दी होते, त्या कोल्हापुरात या निवडीचे जेवढे कौतुक झाले, तेवढे मुंबईत झाले नसेल.

आता 2017 च्या सामन्यांची संख्या. सहा गट, प्रत्येकात सहा सामने, म्हणजे 36. गटातले पहिले दोन पुढे गेले, म्हणजे 12 संघ. बाद फेरीला 16 हवेत, म्हणून तिसऱ्या क्रमांकाच्या सहा संघांतून उत्तम चार घेतले. बाद फेरीचे 16 सामने धरून एकूण 52.

गुंता त्या तिसऱ्या क्रमांकात आहे. सहांपैकी कोणते चार पुढे जातील याच्या 15 शक्यता होत्या, आणि प्रत्येक शक्यतेत कोणाची गाठ कोणाशी पडेल, याचा तक्ता नियमावलीत आधीच छापलेला होता. 2026 च्या पुरुष विश्वचषकाची रचना 48 संघ, 12 गट आणि 104 सामन्यांची आहे. तिथे बारांतून आठ तिसरे संघ निवडायचे, म्हणजे 495 शक्यता. त्या सगळ्यांचा तक्ता नियमावलीला जोडलेला आहे. वाचायला रटाळ, पण हा तक्ता नसता, तर प्रत्येक वेळी ‘आमची गाठ मुद्दाम बलाढ्य संघाशी घातली’ अशी तक्रार झाली असती.

गटातल्या शेवटच्या दोन सामन्यांचा नियम तर एका बदनामीतून आला आहे. 1982 च्या विश्वचषकात स्पेनमधल्या हिहोन शहरी पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया खेळले. अल्जीरियाचा सामना आदल्या दिवशीच संपला होता, त्यामुळे दोघांना नेमका कोणता निकाल सोयीचा आहे हे ठाऊक होते. जर्मनीने दहाव्या मिनिटाला गोल केला आणि उरलेला वेळ दोन्ही संघांनी चेंडू इकडून तिकडे ढकलण्यात घालवला. दोघे पुढे गेले, अल्जीरिया बाहेर. पुढच्या विश्वचषकापासून गटाचे शेवटचे दोन्ही सामने एकाच वेळी सुरू होतात.

एकाच वेळी म्हणजे अर्थातच दोन मैदानांवर. 12 ऑक्टोबर 2017 ला संध्याकाळी पाचला ‘ब’ गटाचा एक सामना नवी मुंबईत आणि दुसरा दिल्लीत सुरू झाला. रात्री आठला ‘अ’ गटाचे दोन्ही सामने त्याच दोन मैदानांवर, भारत–घाना दिल्लीत आणि अमेरिका–कोलंबिया नेरुळला. दोन गटांची दोन शहरांत अशी अदलाबदल का, हे वेळापत्रक पाहणाऱ्याला चटकन उमगत नाही. त्याचे मूळ 35 वर्षांपूर्वीच्या हिहोनच्या त्या सामन्यात आहे.

गुण सारखे झाले तर गोलफरक, तोही सारखा असेल तर केलेले गोल, मग आपापसातला सामना, अशी तेव्हा पायरीपायरीने निकषांची यादी होती. 2018 च्या रशियातल्या स्पर्धेत जपान आणि सेनेगल या सगळ्या निकषांवर बरोबरीत राहिले. शेवटी पिवळी कार्डे मोजली. जपानची चार, सेनेगलची सहा, म्हणून जपान पुढे. जपानी खेळाडूंना हा नियम पाठ होता. पोलंडविरुद्ध पिछाडीवर असूनही शेवटची दहा मिनिटे त्यांनी हल्ला केला नाही, न जाणो एखादे कार्ड मिळायचे. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. माझ्या मते तो राग अनाठायी होता. नियम लिहिणाऱ्याने ती सोय ठेवली होती, खेळणाऱ्याने ती वापरली.

सतरा म्हणजे सतराच

वयोगटाच्या स्पर्धेत एक जास्तीची डोकेदुखी असते. 2017 साठी 1 जानेवारी 2000 किंवा त्यानंतर जन्मलेला खेळाडूच चालणार होता. जन्मदाखल्यावर जगभर सारखा विश्वास ठेवता येत नाही, हे फिफा अनुभवाने शिकली. 2009 च्या नायजेरियातल्या स्पर्धेपासून मुलांच्या मनगटाचे एमआरआय काढले जाऊ लागले. मनगटाजवळच्या हाडाच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते. वय वाढेल तशी ती हाडाशी एकजीव होत जाते. या एकजीव होण्याच्या सहा पायऱ्या मानल्या आहेत आणि पूर्ण जुळलेले हाड सतराच्या आतल्या मुलात क्वचितच सापडते. एक्स-रेऐवजी एमआरआय, कारण त्यात किरणोत्सर्ग नाही. मुलींची हाडे लवकर जुळतात, त्यामुळे त्यांच्या स्पर्धेत ही चाचणी उपयोगाची ठरत नाही.

बाद फेरीत सामना बरोबरीत राहिला, तर मोठ्यांसारखा अर्ध्या तासाचा जादा वेळ इथे नव्हता. थेट पेनल्टी. कोवळ्या वयाची मुले तीन आठवड्यांत सात सामने खेळणार, म्हणून ही सवलत.

पंच

पंच फिफा नेमते, यजमान नव्हे. खेळणाऱ्या दोन देशांपैकी कोणाचाही पंच त्या सामन्याला नसतो. मुख्य पंच आणि दोन सहायक यांची तिकडी एकत्र राहते, एकत्र सराव करते आणि खेळाडूंसारखीच शारीरिक चाचणी देते. 2017 मध्ये सात महिला पंचांना मदतनीस म्हणून बोलावले होते. त्यांतल्या स्वित्झर्लंडच्या एस्तेर श्टॉब्ली यांनी 14 ऑक्टोबरला कोलकात्यात जपान–न्यू कॅलेडोनिया सामन्यात मुख्य पंच म्हणून शिट्टी वाजवली. फिफाच्या पुरुषांच्या स्पर्धेत महिला मुख्य पंच असण्याची ती पहिली वेळ. भारतात झालेल्या त्या स्पर्धेतली ही नोंद आपल्याकडे फारशी कोणाच्या लक्षात नाही, याचे आश्चर्य वाटते.

सामन्याचा दिवस

खरे तर दिवस आदल्या संध्याकाळी सुरू होतो. दोन्ही संघांचे व्यवस्थापक, पंच आणि सामन्याचे अधिकारी एका टेबलाभोवती बसतात. कोणता संघ कोणत्या रंगाचा सदरा, चड्डी आणि मोजे घालणार, दोन्ही गोलरक्षकांचे रंग कोणते, पंचांचा कोणता, असे पाच रंग एकमेकांत मिसळणार नाहीत हे प्रत्यक्ष कपडे मांडून पाहतात. मैदानातल्या चेंडूमागे धावताना खेळाडूला डोळ्यांच्या कोपऱ्यातून रंगच दिसतो, चेहरा दिसत नाही.

सामन्याच्या दिवशी सगळे उलट्या मोजणीने चालते. चेंडूला पहिली लाथ बसण्याचा क्षण म्हणजे शून्य. त्याआधी किती मिनिटांनी दारे उघडायची, संघांच्या बस कधी पोहोचायच्या, खेळाडूंची यादी कधी द्यायची, सराव किती वाजता थांबवून मैदानावर पाणी मारायचे, संघ बोगद्यात कधी उभे करायचे, राष्ट्रगीत कितव्या मिनिटाला, हे सगळे एका कागदावर लिहिलेले असते. राष्ट्रगीताचे ध्वनिमुद्रण बरोबर आहे ना, हे संघाकडून आधी तपासून घेतात. चुकीचे राष्ट्रगीत वाजण्यासारखी नाचक्की दुसरी नाही. हा काटेकोरपणा टीव्हीसाठी असतो. उपग्रहाची वेळ विकत घेतलेली असते आणि शेकडो वाहिन्यांना एकाच सेकंदाला चित्र हवे असते.

हवा फार तापलेली असली, तर त्याचेही उत्तर तयार असते. उष्णता आणि आर्द्रता मिळून काढलेला निर्देशांक 32 अंशांपुढे गेला, की प्रत्येक अर्ध्यात मध्येच पाणी पिण्यासाठी खेळ थांबवता येतो. या आकड्यात आर्द्रता धरलेली असल्यामुळे कोची किंवा मडगावच्या ऑक्टोबरात तो गाठायला ऊन फार चढावे लागत नाही.

आत वावरणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात ओळखपत्र असते आणि त्यावर कोणत्या भागात जाता येईल त्याचे आकडे. मंत्रिमहोदयांच्या मागून दहा जण शिरण्याची आपल्याकडची रीत इथे त्या आकड्यांपाशी अडते. संयोजकांची सर्वांत नाजूक भांडणे गोलपोस्टजवळ होत नाहीत, या दारांवर होतात.

तेरा खेळाडू

लिहून ठेवलेल्या जर-तरचा सर्वांत कठोर प्रयोग महाराष्ट्रात पाहायला मिळाला. 2022 च्या जानेवारीत महिलांचा आशियाई चषक नेरुळ, अंधेरीची मुंबई फुटबॉल अरिना आणि पुण्याचे बालेवाडी इथे भरला. आधी भुवनेश्वर आणि अहमदाबादही ठरले होते. पण करोनाच्या काळात संघांना विमानाने हिंडवायला नको, म्हणून सगळी स्पर्धा मुंबई-पुण्यात आणली. हॉटेल, बस, मैदान एवढाच परीघ आणि वारंवार चाचण्या.

भारताने पहिल्या सामन्यात इराणशी बरोबरी साधली. 23 जानेवारीला चिनी तैपेईशी सामना होता. त्याआधी भारतीय संघात इतक्या जणी बाधित निघाल्या, की किमान तेरा खेळाडूंची यादी देणेही शक्य होईना. करोनासाठी खास केलेल्या नियमांत अशा संघाने स्पर्धेतून माघार घेतल्याचे मानले जाईल, असे लिहिले होते. सामना पुढे ढकलण्याची मुभा त्यात नव्हती. यजमान संघ स्वतःच्या देशात, स्वतःच्या स्पर्धेतून बाहेर पडला. इराणशी झालेली बरोबरीही रद्द झाली.

त्यातून नवा प्रश्न निघाला. भारताच्या गटात आता तीनच संघ, बाकीच्या दोन गटांत चार-चार. मग तिसऱ्या क्रमांकाच्या संघांची तुलना कशी करायची? उत्तर हे, की इतर गटांतल्या तिसऱ्या संघाचा चौथ्या संघाविरुद्धचा निकाल मोजायचाच नाही. सगळ्यांचे दोन-दोन सामने धरायचे. भारतीय मुलींवर झालेला अन्याय मला आजही खुपतो. एखाद-दोन दिवस थांबायला जागा असायला हवी होती. पण बारा संघांचे वेळापत्रक विश्वचषकाच्या पात्रतेशी बांधलेले होते, आणि एकाला सूट दिली की ती सगळ्यांना द्यावी लागते. अंतिम सामन्यात चीनने दोन गोलांच्या पिछाडीवरून दक्षिण कोरियाला 3-2 असे हरवले, तेही नेरुळलाच.

पैसा

याबद्दल थोडक्यात. फिफाची कमाई चार वर्षांच्या चक्रात मोजतात, कारण तिचा फार मोठा वाटा पुरुषांच्या विश्वचषकातून येतो. 2019 ते 2022 या चक्रात ती सुमारे 7.5 अब्ज डॉलर होती. कतारच्या स्पर्धेत बक्षिसांसाठी 44 कोटी डॉलर ठेवले होते. विजेत्या अर्जेंटिनाला 4.2 कोटी मिळाले. खेळाडू पुरवणाऱ्या क्लबांना त्यांच्या गैरहजेरीपोटी 20.9 कोटी डॉलर वेगळे दिले.

मुलांच्या स्पर्धा या पैशावर जगतात. त्या स्वतःच्या पायावर उभ्या राहत नाहीत. यजमान देशात मैदाने, रस्ते, पोलीस यांचा खर्च केंद्र, राज्य आणि महापालिका उचलतात. तो फिफाच्या ताळेबंदात दिसत नाही. म्हणून ‘स्पर्धेला किती खर्च आला’ या प्रश्नाला मिळणारा कोणताही एकच आकडा संशयाने पाहावा.

स्पर्धेनंतर

28 ऑक्टोबर 2017 च्या अंतिम सामन्यात इंग्लंडने दोन गोलांची पिछाडी भरून काढत स्पेनला 5-2 ने हरवले. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला फिल फोडन. एकूण 13,47,133 प्रेक्षक आले. या स्पर्धेचा आधीचा विक्रम 1985 च्या चीनमधला होता. तो मोडला.

गर्दी जमवणे आपल्याला जमते, यात शंका नव्हतीच. त्यापलीकडचे प्रयत्न मिश्र ठरले. स्पर्धेआधी 15 सप्टेंबरला महाराष्ट्र सरकारने एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम केला आणि शाळांना चेंडू वाटले. वाटप कौतुकाचे होते, पण ज्या शाळेला पटांगण नाही तिथे तो चेंडू कपाटातच राहणार. विश्वचषकातल्या भारतीय मुलांना मात्र पुढे ‘इंडियन ॲरोज’ या नावाने आय-लीगमध्ये मोठ्यांविरुद्ध खेळायला मिळाले. त्यांतले काही जण आज व्यावसायिक फुटबॉलमध्ये स्थिरावले आहेत. लागोपाठ 2019 चा वीस वर्षांखालील विश्वचषक भरवण्याचा भारताने दावा केला. तो पोलंडला मिळाला.

नेरुळच्या स्टेडियमवर 2022 च्या ऑक्टोबरात मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. स्पेनने कोलंबियाला 1-0 ने हरवले. त्याच मैदानावर 2 नोव्हेंबर 2025 ला भारताच्या महिलांनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. दोन्ही वेळा मैदान भाड्याने घेतलेले, नियमावली वेगवेगळ्या संस्थांची, आणि मधला तो पट्टा पुन्हा एकदा खणून नव्याने तयार केलेला.